डिसेंबरचा फोटो

६ ऑक्टोबर

वहिनी,

नमस्कार करून झाला आहे असं समजा आणि पुढे वाचा, कारण मला घाई आहे.

मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुम्ही ‘आवाज येत नाही’ म्हणून ठेवून दिलात. आवाज येत होता, वहिनी. ‘कोण, धाकटे का?’ असं विचारून मग ठेवलात. म्हणून हे पत्र. आता हे कसं ठेवून देता बघतो.

विषय कॅलेंडरचा. माझ्या छापखान्याचं कॅलेंडर इतकी वर्षं दादाच्या फुलपाखरांवर निघत आलं. गावातला प्रत्येक दवाखाना, शिंपी, किराणावाला ते भिंतीला लावतो. पुढच्या वर्षाचे अकरा फोटो दादाने जाण्याआधीच पाठवून ठेवले होते. डिसेंबरचा राहिला. तो दर वर्षी मागेच राहायचा, कारण डिसेंबरला हंगामातलं शेवटचं फुलपाखरू लावायचं आणि तेही तुमच्या गॅलरीतल्या लिंबोणीवरचं, हा दादाचा हट्ट. त्यापायी एका वर्षी त्याने माझं मशीन आठवडाभर अडवून धरलं होतं. माझ्या डोक्यावर मिरे वाटण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

आता त्या हट्टाचं काय करायचं ते तुम्ही सांगा. माझ्याकडे समुद्रावरच्या सूर्यास्ताचा एक फोटो पडून आहे. मशीनवाला म्हणतो, तो लावा आणि मोकळे व्हा. दादाच्या शेवटच्या कॅलेंडरला कोणाचा तरी सूर्यास्त चालणार असेल तर तसं कळवा. चालणार नसेल तर दादाचा कॅमेरा कपाटातून काढा. लिंबोणी तुमच्याकडे, कॅमेरा तुमच्याकडे, आणि हंगाम संपत आला आहे. नोव्हेंबर संपेपर्यंत मी थांबू शकतो, पुढे नाही.

फोटो काढता येत नाही हे कारण सांगू नका. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टरांच्या हातात हत्यारं दिलीत. एक बटण दाबणं जमेल.

तुमचा धाकटा दीर

•

१२ ऑक्टोबर

धाकटेराव,

नमस्कार समजून घेतला. आशीर्वादही तुम्ही समजूनच घ्या.

कॅमेरा काढला. त्याच्याबरोबर ते तीन पायांचं स्टँडही काढलं. त्याच्या एका पायाची कळ तुटली आहे आणि तिथे तुमच्या दादांनी निळ्या कापडाची पट्टी करकचून बांधली आहे. ती पट्टी ओळखीची वाटली. चांगला निळा शर्ट होता, मी महिनाभर शोधत होते, परटाशी भांडले होते. तो यांनी फाडून स्टँडला गुंडाळला आणि मला म्हणाले, परटानेच हरवला असेल. स्टँड एकदा उघडलं ते आता मिटत नाही. गॅलरीच्या मधोमध पाय फाकून उभं आहे आणि कपडे वाळत घालायला मला त्याला वळसा घालून जावं लागतं.

लिंबोणीची तर काय दशा झाली होती, सांगायची सोय नाही. पानापानावर चिमण्यांची घाण. काळी, मध्ये पांढरा पट्टा, ओली चकचकीत. हे होते तेव्हा मला कुंडीला हात लावू द्यायचे नाहीत. ‘चिमण्यांची घाण आहे, तू राहू दे, मी पुसतो,’ म्हणायचे. संध्याकाळी अर्धा-अर्धा तास तिथे बसायचे. काय पुसायचे ते त्यांनाच ठाऊक. पाणीखात्यात मीटर तपासणाऱ्या माणसाकडून स्वच्छतेची अपेक्षा मी कधी केली नाही. आता मात्र रोज सकाळी ओलं फडकं घेऊन पान न् पान पुसते. वरून, खालून, देठापाशी. फुलपाखरू यायचं तर स्वच्छ जागी येऊ दे.

फोन ठेवला कारण तुमचा आवाज थेट यांच्यासारखा येतो. समोर असलात की जाणवत नाही. फोनवर नुसता आवाजच असतो. हे तुमच्या लक्षात यायला हवं होतं.

सूर्यास्त लावायचा नाही.

वहिनी

•

२५ ऑक्टोबर

वहिनी,

आवाजाचं मला खरंच सुचलं नाही. चुकलो. पण त्याला मी काय करू? सर्दी झाली की फोन करेन.

फोटोंचं पाकीट मिळालं. सगळा रोल टेबलावर पसरला आणि कपाळाला हात लावला. एवढ्या फोटोंमध्ये फुलपाखरू एक नाही. पानं आहेत. हिरवीगार, धुतलेली, चकचकीत पानं. एका फोटोत कोपऱ्यात तुमचं फडकंसुद्धा आलं आहे. मी लिंबांचं कॅलेंडर काढायला बसलो नाही, वहिनी.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. मी फोटो नेहमी भिंगाखाली धरून तपासतो, छापायच्या आधी तसं करावंच लागतं. तुमच्या पानांची शीर न् शीर स्वच्छ दिसते. दादाचे दहातले सात हललेले असायचे. तुमचा एकही नाही. मशीनवाल्यालाही दाखवले. तो म्हणाला, हात चांगला आहे, समोर काहीतरी हवं होतं.

तर आता पानांकडे बघणं पुरे. ऊन आलं की खुर्ची टाकून गप बसा. उठून केर काढू नका, कपडे झटकू नका. तुम्ही गॅलरीत गेलात की तिथे वादळ येतं हे मला लहानपणापासून माहीत आहे. फुलपाखरं त्या वादळाला भीत असतील.

धाकटा

•

३ नोव्हेंबर

भावोजी,

तुम्ही शाळेत होतात तेव्हा मी या घरात आले. तुमच्या गुडघ्यांना औषधं मी लावली. मला वादळ म्हणताना जरा जपून.

सांगितल्याप्रमाणे गप बसले. चहा गार होईपर्यंत बसले. मंगळवारी एक आलं. मोठं, काळं, अंगभर फिकट पिवळे ठिपके, डिसेंबरच्या पानावर दर वर्षी असतं तेच. लिंबोणीभोवती दोन फेऱ्या मारल्या, कोवळ्या पानावर जेमतेम टेकलं, पोट वाकवून पानाला लावल्यासारखं केलं आणि निघालं. मी कॅमेऱ्याच्या तोंडावरचं झाकण काढेपर्यंत ते समोरच्या इमारतीच्या टाकीपर्यंत पोचलं होतं. झाकण काढून ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं. दादांचे भाऊ ना तुम्ही, महत्त्वाचं तेवढं सांगायचं नाही ही घराण्याची रीत.

त्यानंतर काही नाही. सकाळी गारठा पडतो. खाली कोणी शाली काढल्या आहेत. फुलपाखरू काय, माशीसुद्धा नाही. घाण मात्र रोज नवीन. आज पुसते, उद्या पुन्हा दोन-तीन ठिपके हजर. गंमत म्हणजे चिमणी एकही दिसत नाही. मी माझ्या मनाचं सांगत नाही हे तुम्हालाही कळावं म्हणून या वेळी पुसायच्या आधीचे फोटो मुद्दाम जवळून काढले आहेत. रोल पाठवते. बघा आणि सांगा, ही घाण ठेवण्यासारखी आहे का.

वहिनी

•

१० नोव्हेंबर

वहिनी,

खाली बसून वाचा.

घाणीचे फोटो भिंगाखाली घेतले. पहिला बघितला, दुसरा बघितला, मग भिंग पुसून पुन्हा पहिला बघितला. वहिनी, घाणीला पाय आहेत.

सहा की आठ, मोजायचं धैर्य झालं नाही. एका टोकाला तोंड आहे आणि ते तोंड पान खातं आहे. शाळेच्या प्रश्नपत्रिका माझ्याकडे छापायला येतात, त्या घेऊन विज्ञानाचे मास्तर आले होते. त्यांना दाखवलं. ते हसायला लागले. म्हणाले, ही लिंबोणीवरच्या फुलपाखराची अळी. लहान असताना मुद्दाम अशी दिसते, म्हणजे पक्ष्यांना वाटतं आपलीच विष्ठा आहे आणि ते तोंड लावत नाहीत.

पक्षी फसतात ते समजलं. आमच्या वहिनीही फसल्या. गेला महिनाभर तुम्ही रोज सकाळी डिसेंबरचं फुलपाखरू ओल्या फडक्याने पुसून काढत होतात आणि मग आत जाऊन मला पत्र लिहीत होतात की फुलपाखरू काही येत नाही. मी हात टेकले.

फडकं आजच्या आज लांब कुठेतरी ठेवा.

धाकटा

•

१४ नोव्हेंबर

भावोजी,

मी चिडले आहे. तुमच्यावर नाही.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. फ्लॉवर निवडताना आतून हिरवी अळी निघाली. ऑपरेशन थिएटरमध्ये मी काय काय बघितलं आहे, कधी डोळा मिटला नाही, पण अळी माझ्याने बघवत नाही. मी पातेल्यासकट फ्लॉवर खिडकीतून बाहेर टाकला. खाली कोणाच्या तरी सायकलचा दिवा फुटला. हे जाऊन दिवा भरून देऊन आले, आणि मला एक शब्द बोलले नाहीत. हसलेसुद्धा नाहीत. मी तेव्हा म्हटलं, किती समजूतदार नवरा मिळाला.

आता कळतं आहे, समजूतदार कसला, त्यांनी तेव्हाच मनात गाठ मारून ठेवली की हिला अळ्यांचं कधी कळू द्यायचं नाही. आणि मग इतकी वर्षं, माझ्या गॅलरीत, माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच लिंबोणीवर अळ्या पाळल्या. ‘चिमण्यांची घाण आहे, मी पुसतो.’ मी आत भाजी चिरत समाधानाने म्हणायची, चला, माणूस एक तरी काम मन लावून करतो आहे. अर्धा तास ते तिथे बसून त्यांचं खाणं बघत असायचे. आणि मी शेजारच्या बाईंना कौतुकाने सांगायची, आमचे हे झाड पुसतात म्हणून.

मला सांगायला काय झालं होतं? हो, मी कुंडी फेकली असती. पहिल्या वर्षी फेकली असती. दहाव्या वर्षी नसती फेकली. एकदा विचारून तरी बघायचं होतं. बरं, आयुष्यभर नाही सांगितलं, निदान दवाखान्यात शेवटचे चार दिवस होते, तेव्हा तरी. तेव्हा मला सांगत काय होते, तर कुंडीला पाणी घालत जा. मी पाणीही घातलं आणि पुसूनही काढलं. आता जाब विचारायचा तर कोणाला विचारू? मनासारखं भांडण समोर आहे आणि भांडायला माणूस नाही.

आज चष्म्यावर चष्मा लावून सगळं झाड बघितलं. एक ठिपका नाही. इतकं स्वच्छ झाड मी जन्मात बघितलं नाही.

तुम्ही तो सूर्यास्त लावून टाका.

वहिनी

•

१९ नोव्हेंबर

वहिनी,

सूर्यास्त लावणार नाही. लावायचाच असता तर ऑक्टोबरात लावून मोकळा झालो असतो, तुमची बोलणी कशाला खाल्ली असती. तो फोटो मी मशीनवाल्याला देऊन टाकला आहे. त्याने घरी नेला.

माझं पत्र जरा जास्तच झालं. तुम्हाला हसू येईल असं मला वाटलं होतं. मला अक्कल कमी आहे हे तुम्ही पूर्वीपासून म्हणत आला आहात.

आता ऐका. मास्तर काल पुन्हा आले. ते म्हणतात, अळी मोठी झाली की घाणीसारखी राहत नाही, हिरवी होते, पानाच्या रंगाची. मग पुसणाऱ्याला दिसत नाही. पूर्ण वाढली की झाड सोडून चालत निघते, एखादी काठी, खुर्ची, भिंत गाठते, आणि तिथे स्वतःला दोऱ्याने बांधून कोष करते. म्हणजे तुम्ही फडकं हातात घ्यायच्या आधीच एखादी हिरवी झाली असेल, तर ती सुटली असेल. झाड बघितलंत ते ठीक. झाडाखेरीज बाकीची गॅलरी बघितलीत का?

दादा आमच्याकडे आला की एक गोष्ट दर खेपेला सांगायचा. मोठ्या डॉक्टरांचं ऑपरेशन संपत आलं होतं आणि तुमच्या मोजणीत कापसाचा एक बोळा कमी भरला. डॉक्टर म्हणाले, खाली पडला असेल, मी टाके घालतो. तुम्ही म्हणालात, बोळा मिळेपर्यंत सुई देणार नाही. आणि दिली नाहीत. बोळा पोटातच होता. दादा हे सांगताना मांडीवर थाप मारायचा आणि आम्हाला दर वेळी नव्याने ऐकावं लागायचं.

तसं शोधा. मी अजून टाके घालत नाही.

धाकटा

•

२४ नोव्हेंबर

धाकटेराव,

मिळाला.

खुर्च्या उलट्या केल्या, कुंड्यांच्या मागे बघितलं, कठड्याच्या खालून आरसा धरून बघितलं, पडदे उतरवले. दोन दिवस घराचं रणांगण झालं होतं. शेवटी दमून स्टँडला टेकले. समोरच होता. त्या तुटक्या पायावर, निळ्या पट्टीवर. करड्या रंगाचा, बोटाच्या पेराएवढा. विजेच्या खांबावर चढलेला माणूस कमरेला पट्टा टाकून मागे रेलतो ना, तसा एका दोऱ्यावर रेलून बसला आहे. मी इतके दिवस त्याच स्टँडवरच्या कॅमेऱ्यातून फुलपाखरू शोधत होते.

हात लावला नाही. कॅमेरा अगदी हळू सोडवून घेतला, बादली पालथी घातली, तिच्यावर कोपरं टेकून फोटो काढले. पाठवते आहे. कपडे आता घरात वाळत घालते, सगळीकडे दोऱ्या झाल्या आहेत, काल दूधवाला दारातून आत बघून म्हणाला, ‘कोणी आलं आहे का?’

थोडे दिवस थांबा. बाहेर आलं की लगेच काढते. झाकण आता काढून ठेवलं आहे.

वहिनी

•

५ डिसेंबर

वहिनी,

नोव्हेंबर संपला. आलं का? नाही आलं. मास्तरांना विचारलं, तर ते आता म्हणतात की थंडीत कोष तसाच झोपून राहतो, कधी कधी पार थंडी सरेपर्यंत. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. या विषयातली सगळी माणसं महत्त्वाचं मागाहून सांगतात.

इकडे माझ्या नाकी नऊ आले आहेत. कागद येऊन पडला आहे. अकरा महिने छापून झाले. मशीनवाला माझ्याशी बोलत नाही. दंतवैद्य रोज माणूस पाठवतात, कॅलेंडर झालं का. तुमचा कोषाचा फोटो सुरेख आहे, पट्टीचा धागा न् धागा मोजता येतो, पण खरं सांगतो, लांबून तो काटकीचा तुकडा दिसतो. गिऱ्हाईक म्हणेल, यांचं फुलपाखरू छापायचं राहून गेलं.

एक उपाय आहे. दादाचा जुन्या एखाद्या डिसेंबरचा फोटो पुन्हा लावतो. कोणाच्या लक्षात येणार नाही. परवापर्यंत कळवा. त्यापुढे मला खरंच थांबता येत नाही.

धाकटा

•

७ डिसेंबर

भावोजी,

माझ्या लक्षात येईल.

त्यांनी तुम्हाला कधी शिळा फोटो दिला का? तापात असतानासुद्धा स्वेटर घालून गॅलरीत बसले होते, मी ओरडत होते. हंगामातलं शेवटचं फुलपाखरू हवं आहे ना, मग हेच ते. आत आहे, एवढंच. काटकी दिसली तर दिसू दे. मलाही घाण दिसली होती.

छापा. खाली नाव नेहमीप्रमाणे यांचंच घाला. पट्टी त्यांनी बांधली, झाड त्यांनी राखलं. मी फक्त बटण दाबलं आणि त्याआधी बाकीची सगळी मारली.

वहिनी

•

२३ डिसेंबर

वहिनी,

कॅलेंडर सोबत पाठवतो आहे. उघडायच्या आधी हे वाचा.

अकरा फोटोंखाली दादाचं नाव आहे. बाराव्याखाली तुमचं. तुम्ही नको म्हणाला होतात, मी ऐकलं नाही. ज्याने फोटो काढला त्याचं नाव लागतं, हा छापखान्याचा नियम आहे आणि छापखाना माझा आहे. आता छापून झालं, पुसता यायचं नाही.

राग आला असेल तर माझ्याशी भांडा. मनासारखं भांडा. भांडायला माणूस नाही असं मागे लिहिलं होतंत. मी आहे. आवाजही तोच आहे.

गिऱ्हाइकांचं सांगायचं तर शिंप्याने खरंच विचारलं, डिसेंबरचं फुलपाखरू कुठे आहे? मी म्हटलं, आत आहे. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, कापड चांगलं आहे.

धाकटा

•

२ मार्च

धाकटेराव,

दोन महिने पत्र लिहिलं नाही, कारण मी रागावले होते. नियम म्हणे. तुमच्या छापखान्यात आजवर एक काम वेळेवर झालं नाही आणि आता नियम निघाले. तुम्हाला फोनवर चांगली झापणार होते, दोनदा नंबर फिरवला, दोन्ही वेळा तुम्ही जागेवर नव्हतात. तिसऱ्यांदा उचललात आणि ‘हॅलो’ म्हणालात. मी ऐकलं. ठेवला नाही लगेच. मग ठेवला. तो फोन माझा होता.

कोष गेल्या महिन्यात फुटला. सकाळी कपडे घेऊन बाहेर गेले, तर पट्टीवर काहीतरी ओलं, चुरगळलेलं लोंबत होतं, न पिळता टाकलेल्या रुमालासारखं. मला वाटलं मेलं. सवयीने हात पुढे गेला होता, तो मागे घेतला. मग तिथेच खाली फरशीवर बसले. ते हळूहळू उलगडत गेलं. काळं, पिवळे ठिपके. मी यांना खूप बोलले. सगळं बोलून घेतलं, फ्लॉवरपासून शर्टापर्यंत. ते पंख वाळवत होतं, कुठे जाणार, ऐकावंच लागलं. मग ऊन चढलं आणि ते उडालं.

फोटो काढला आहे, सोबत आहे. जरा हलला आहे. पहिल्यांदाच हलला, तेव्हा त्यावर काही बोलू नका. हंगामातलं पहिलं म्हणून पुढच्या वर्षीच्या जानेवारीला लावा. उरलेले अकरा बघते मी. नाव काय घालायचं ते तुमच्या नियमाने घाला.

फोन करा. सर्दी व्हायची वाट बघू नका.

वहिनी

ता. क. पत्र चार दिवस टाकायचं राहिलं. स्टँड अजून गॅलरीतच उभं आहे. लिंबोणीला नवी पालवी आली आहे आणि आज सकाळी तिच्यावर तीन ठिकाणी घाण दिसली. पुसलेली नाही.